काका सापडले नाहीत आणि ग्रुप शांत झाला

(पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देते आहे.)

"नमस्कार ताई,

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात आमची सहा इमारतींची सोसायटी आहे आणि मी कमिटीत आहे. आमच्याच मजल्यावरचे काका, वय ७९, तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी साडेपाचला खाली उतरले ते घरी आलेच नाहीत. त्यांना दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. मूळचे संगमेश्वरकडचे. परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, डाव्या करंगळीचं टोक तिथंच गेलं. फार शांत माणूस. बाकावर बसून मुलांना गिरणीच्या गोष्टी सांगायचे.

मुलगा त्याच रात्री पोलिसांत गेला तर 'उद्यापर्यंत वाट बघा, येतील' म्हणून परत पाठवलं. नोंद दुसऱ्या दिवशी झाली. पहिले दोन दिवस अख्खी सोसायटी रस्त्यावर होती. मग एकेक जण आपापल्या कामाला लागला आणि ग्रुपवर भलतंच सुरू झालं. सून टाकून बोलायची म्हणून गेले, वॉचमन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, वगैरे. चौथ्या दिवशी आमच्या पोरांनी एका भंगारवाल्याला गेटवर अडवून त्याची हातगाडी उलटीपालटी केली. कुणीतरी नाशिकहून फोन करून 'म्हातारबाबा माझ्याकडे आहेत' असं सांगून पाच हजार मागितले. मुलाने पाठवले, नंबर बंद झाला. आता मुलगा कुणाला भेटत नाही.

परवा वॉचमन मला हळूच म्हणाला, जाताना काका म्हणाले होते, 'पाळीला चाललो', म्हणजे गिरणीतल्या शिफ्टला. तेव्हाच का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणाला, सगळे मलाच बोलत होते.

मी पुन्हा फोटो टाकला तर एकाने लिहिलं, 'किती दिवस हेच? ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.' आणि अजून एक. रथसप्तमीच्या आत आमचं हळदीकुंकू आहे. काकूंना बोलवायचं का, यावर कमिटीत दोन मतं आहेत. आमची जबाबदारी कुठपर्यंत, ताई? आता काय करू?"

*

आधी हळदीकुंकवाचं, कारण त्याला दिवसांची मर्यादा आहे. काकूंना बोलवा. निरोप ग्रुपवर टाकू नका, तुम्ही स्वतः दारात जा आणि बाकीच्यांना सांगता तसंच सांगा. काका बेपत्ता आहेत. त्यापुढचं आज कुणालाच माहीत नाही, आणि ते ठरवायचा अधिकार कमिटीला तर नाहीच नाही. काकूंना यावंसं वाटलं तर येतील, नाही वाटलं तर वाण घरी नेऊन द्या आणि दहा मिनिटं बसा. नवरा गेलेल्या बाईलाही हळदीकुंकवाला बोलवावं असंच माझं मत आहे, पण तो वाद आज तुमच्यासमोर नाही. आज प्रश्न एवढाच आहे की ज्या बाईचा नवरा जिवंत आहे असं धरून तुम्ही फोटो फिरवता, तिला त्याच आठवड्यात वगळून तुम्ही तिला काय सांगणार आहात?

आता जबाबदारीचं. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते वॉचमनचं वाक्य. 'पाळीला चाललो' हे तीन आठवडे त्या माणसाच्या पोटात होतं. पहिल्या संध्याकाळी ते बाहेर आलं असतं तर शोधाची दिशाच बदलली असती. तुम्ही सोसायटीच्या आसपासची मैदानं, देवळं, नाले पालथे घातलेत आणि काकांच्या मनात मात्र परळ होतं. वॉचमनने का सांगितलं नाही? कारण ग्रुपवर अर्ध्या तासात त्याच्यावर आरोप ठेवून निकालही लागला होता. 'मी त्यांना जाताना पाहिलं, बोललोसुद्धा' असं म्हणणं म्हणजे नोकरी घालवणं, हे त्याला कळत होतं.

सुनेचंही तेच. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दिवसभर सांभाळणाऱ्या बाईचा आवाज कधी चढला नसेल असं मी मानत नाही. तिला दोष दिल्याने एकच होतं: त्या दुपारी घरात नेमकं काय घडलं हे ती सांगणार नाही. काका कशावरून अस्वस्थ झाले होते, कुणाचं नाव घेत होते, कपडे कुठले घातले, खिशात काय होतं, आदल्या आठवड्यात कधी असेच निघाले होते का, ही सगळी माहिती तिच्याकडे आहे, कारण त्यांच्याजवळ तीच होती. दोषारोप सुरू झाले की माणसं तोंड मिटून बसतात, आणि हरवलेल्याच्या शोधात लागते ती माहितीच. घरच्यांविषयी वाईट बोलायचं नाही, हा तुमच्यासाठी आता नुसता सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. एकट्या जा, कमिटी म्हणून जाऊ नका. सुनेजवळ बसा. 'तुमचं काय चुकलं' हा विषयच काढू नका. 'काका हल्ली कशाबद्दल बोलायचे?' एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. वॉचमनलाही चहा द्या, सोसायटी तुझ्या नोकरीला हात लावणार नाही असं अध्यक्षांच्या तोंडून ऐकवा आणि मग पुन्हा विचारा. काका कुठल्या बाजूला वळले, हातात पिशवी होती का, पायात चपला होत्या की बूट. त्याला आणखीही काही आठवेल.

सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज एव्हाना पुसलं गेलं नसेल तर आजच पेनड्राइव्हवर काढून घ्या. आणि एक गोष्ट आवर्जून पाहा: त्या यंत्राचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ जुळतं का. बहुतेक ठिकाणी जुळत नाही, कधी दहा मिनिटांचा फरक असतो तर कधी तासाचा. कॅमेऱ्यातली चुकीची वेळ पोलिसांना कळवली की रेल्वे स्थानकावरचं फुटेज चुकीच्या वेळेचं तपासलं जातं आणि माणूस समोरून निघून जातो. स्थानकावरचं फुटेज तुम्हाला मिळणार नाही, ते तपास अधिकाऱ्यानेच मागवायचं असतं, पण नेमकी वेळ तुम्ही देऊ शकता. तेही कायम राहत नाही, जुन्यावर नवं चढत जातं. तीन आठवडे झालेत, तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नका.

आता 'पाळी'. स्मृतिभ्रंशात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकतं. संध्याकाळ झाली की अशा बऱ्याच माणसांची चुळबुळ वाढते, 'घरी जायचंय', 'कामाला जायचंय' म्हणून ती उठतात. स्वतःच्या घरात बसूनही म्हणतात. काकांचं वय ७९, म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते पस्तिशीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते आणि त्यातल्या असंख्यांच्या डोक्यातली गिरणी तिथंच थांबली. साडेपाचला निघालेला हा माणूस माझ्या मते भरकटत निघाला नव्हता. ओळखीच्या रस्त्याने कामावर निघाला होता.

तिथं पोचला असेल तर मात्र त्याला काहीच ओळखीचं दिसलं नसणार. गिरणीच्या जागी मॉल आहे, काचेची ऑफिसं आहेत, चाळीच्या जागी टॉवर आहे. दाराशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला तिथला सुरक्षारक्षक 'पुढे चला' म्हणणार. पण गिरणगावात जुनी माणसं अजून आहेत. काकूंना विचारा, काका लग्नाआधी कुठे राहायचे? कोकणातून आलेला कामगार बहुधा गावकीच्या खोलीत असायचा, एका खोलीत गावातले पंधरा-वीस जण आणि जेवण खाणावळीत. त्या गावाचं मुंबई मंडळ आजही असेल, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही असेल. भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपतीचं मंडळ, यांतल्या एखाद्या साठी-सत्तरीच्या माणसाला काकांचा फोटो दाखवा. शक्य असेल तर तरुणपणीचाही दाखवा. ते आजच्या चेहऱ्यावरून ओळखणार नाहीत, पण चाळिशीतल्या फोटोवरून 'अरे, हा तर आमच्या खात्यातला' म्हणतील. परळ, करी रोड, चिंचपोकळी ही तीन स्थानकं आणि त्यांच्या बाहेरचे चहावाले, चांभार, फुलवाले, हे दोन जणांचं एका रविवारचं काम आहे.

तिथून पुढेही विचार करा. काम नाही तर गाव. परळला एसटीचं आगार आहे आणि कोकणातल्या गाड्या तिथून सुटतात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे खिशात दमडी नसली तरी काका राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोचू शकतात, आधार कार्ड तेवढं खिशात हवं. ते घरात आहे की त्यांच्यासोबत गेलं, हे मुलाने पाहिलं का? या एका गोष्टीवर पुढचं बरंच अवलंबून आहे. परळ, मुंबई सेंट्रल, कल्याण, विठ्ठलवाडी या आगारांच्या वाहतूक नियंत्रकांना फोटो द्या आणि कोकणच्या गाड्यांवरच्या चालक-वाहकांपर्यंत तो पोचवायला सांगा. गावच्या पोलीस पाटलांना फोन करा. गावाला भाऊबंद नसले तरी पोलीस पाटील असतोच, आणि कुणी अनोळखी म्हातारा देवळात येऊन राहिला तर ती खबर सर्वांत आधी त्याच्याकडे जाते.

तिसरी शक्यता अशी की ते गाडीत बसले आणि उतरलेच नाहीत. लोकल शेवटच्या स्थानकावर रिकामी होते. कसारा, खोपोली, कर्जत, सीएसएमटी, इथल्या स्थानकांवर विचारा. कल्याणहून लांब पल्ल्याच्या गाड्या उत्तरेला जातात, दक्षिणेलाही जातात. अशी माणसं गोंधळली की पुष्कळदा लहानपणच्या बोलीत बोलू लागतात. बेळगावच्या पुढे किंवा इटारसीच्या पुढे संगमेश्वरी बोली कुणाला समजणार?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेक कुटुंबांचा घोटाळा होतो. तुमच्या पोलीस ठाण्यात नोंद झाली म्हणजे ती सगळीकडे पोचली असं घरचे समजतात. लोहमार्ग पोलीस वेगळे, रेल्वे सुरक्षा दल वेगळं, शहर पोलीस वेगळे. नोंद संगणकावर चढते हे खरं, पण फलाटावरच्या हवालदाराला तुमचे काका माहीत असतील असं नाही. नोंदीची प्रत आणि फोटो घेऊन स्वतः जावं लागतं. रेल्वेसाठी १३९ आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची एल्डरलाइन आहे, रस्त्यावर सापडलेल्या निराधार वृद्धांच्या तक्रारी त्यांच्याकडे येतात, त्यांनाही कळवा.

पहिल्या रात्री 'उद्या या' म्हणून परत पाठवलं ते चुकीचं होतं. २४ तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. मूल बेपत्ता असेल तर १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे थेट गुन्हाच नोंदवावा लागतो. प्रौढाची बेपत्ता म्हणून नोंद होते, पण ती त्याच क्षणी घ्यायची असते. परत पाठवलं तर ठाण्याच्या दारातूनच ११२ ला फोन करायचा आणि वरिष्ठ निरीक्षकांना भेटायचं. हे सोसायटीतल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. आता त्या रात्रीवरून भांडण्यात अर्थ नाही. नोंदीचा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव घ्या आणि दर आठवड्याला सोसायटीतल्या एकाच ठरलेल्या माणसाने मुलासोबत जाऊन भेटायचं. नवी माहिती घेऊन जायचं, तक्रार घेऊन नव्हे. वॉचमनचं वाक्य ही नवी माहिती आहे. ती लेखी द्या.

मग दवाखाने. घरचे फोन करून काकांचं नाव विचारतात आणि 'या नावाचा पेशंट नाही' असं उत्तर मिळतं. मिळणारच, कारण नाव सांगता येत नसलेला पेशंट रजिस्टरला 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ७०' असा चढलेला असतो. म्हणून नाव विचारू नका. त्या तारखेपासून दाखल झालेल्या सगळ्या अनोळखी पुरुषांविषयी विचारा, आणि फोनवर विचारून भागत नाही, वॉर्डात जाऊन पाहावं लागतं. शीव, केईएम, नायर, जेजे, कळव्याचं रुग्णालय, ठाण्याचं सिव्हिल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पोलिसांवर असं कर्तव्य टाकलेलं आहे की रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला सरकारी आरोग्य संस्थेत पोचवायचं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे काका ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही असू शकतात. राज्यात अशी चार रुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. काका कोकणच्या गाडीत बसले असतील तर रत्नागिरी विसरू नका. स्वयंसेवी संस्थाही माणसं उचलतात. डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतला आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोचवण्याच्या कामासाठीच त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. कर्जत तुमच्याच मार्गावर आहे. वृद्धाश्रम, बेघरांसाठीचे रात्रनिवारे, गुरुद्वारे, जिथे जेवण मिळतं आणि फारसं कुणी विचारत नाही अशा सगळ्या जागा यादीत घ्या.

हे सगळं एका मुलाने करायचं म्हटलं तर महिना जाईल आणि त्याची नोकरीही जाईल. सहा इमारतींत चाळीस धडधाकट माणसं नक्की निघतील. कुणाची बहीण शीव रुग्णालयात परिचारिका असेल, कुणाचा मेहुणा एसटीत असेल, कुणाचं सासर रत्नागिरीला असेल. प्रत्येकाला एकच ठिकाण द्या. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हटलं की कुणीच ठेवत नाही. 'तुम्ही कळव्याच्या रुग्णालयात बुधवारी जाऊन या' म्हटलं की माणूस जातो. एका वहीत लिहा: कोण, कुठे, कधी गेलं, तिथं कुणाशी बोललं, फोटो कुणाकडे ठेवला. पहिल्या दोन दिवसांत शंभर माणसं धावली आणि तीच चार मैदानं दहा वेळा पाहून झाली, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तो उत्साह खोटा नव्हता. त्याला कुणी कामं वाटून दिली नाहीत.

तुम्ही ग्रुपवर फिरलेला मेसेज पत्रासोबत जोडला आहे. तो मी पुन्हा पुन्हा वाचला. 'आज संध्याकाळपासून आमचे शेजारी बेपत्ता आहेत, रंग सावळा, उंची मध्यम, कृपया जास्तीत जास्त शेअर करा.' त्यात तारीखच नाही. हा मेसेज पुढच्या वर्षी एखाद्या नागपूरच्या ग्रुपवर फिरेल तेव्हाही त्यात 'आज' असेल. सावळा रंग आणि मध्यम उंची हे वर्णन लोकलच्या एका डब्यातल्या पन्नास जणांना लागू पडतं. आणि करंगळी? डाव्या करंगळीचं टोक नसणं, हजारात एकाला असेल अशी खूण, तुम्ही मला पत्रात सहज लिहिलीत आणि मेसेजमध्ये ती कुणालाच आठवली नाही. परिचारिकेला, हवालदाराला, आश्रमातल्या स्वयंपाकिणीला चेहऱ्यापेक्षा ती आधी दिसेल.

नवा मेसेज लिहा. तारीख आणि वर्ष घाला. करंगळी पहिल्या ओळीत. 'नाव विचारल्यास गावाचं किंवा गिरणीचं नाव सांगण्याची शक्यता' हे लिहा. फोटो एक नको, तीन हवेत. तीन आठवड्यांनी काकांची दाढी वाढलेली असेल, गाल बसलेले असतील, कपडे तर नक्कीच बदललेले असतील, आणि एखाद्या संस्थेत असतील तर स्वच्छतेसाठी डोक्याचं मुंडणही केलेलं असू शकतं. गुळगुळीत दाढीचा, नातवाच्या लग्नातला फेट्यातला फोटो पाहून त्यांना कोण ओळखेल? मुलाचा नंबर काढून टाका. सोसायटीतल्या दोघांचे नंबर द्या आणि पोलीस ठाण्याचा द्या. फोन येतील, त्यांतले बरेच खोटे असतील, ते झेलायचं काम शेजाऱ्यांनी घ्यावं. नाशिकचा तो पाच हजारांचा फोन मुलाने घेतला आणि तो फसला, कारण बापाच्या शोधात असलेला मुलगा शंका घेण्याच्या स्थितीत नसतो. तुम्ही घेतला असता तर म्हणाला असता, 'आधी व्हिडिओ कॉल करा, डावा हात दाखवा.' मेसेजमध्ये करंगळी टाकल्यावर ही परीक्षा उरणार नाही, म्हणून आणखी एखादी खूण घरच्यांना विचारून घ्या आणि ती कुठेही लिहू नका. त्या फसवणुकीची तक्रार १९३० वर केली नसेल तर आता तरी करा.

भंगारवाल्याविषयी मी हात राखून लिहिणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत फिरत होते, तेवढंच कारण. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढे पाठवणं बंद केलं. पाच माणसं मेली ती मेली. राईनपाड्यातल्या लोकांनाही आपण मुलांचं रक्षण करतो आहोत असंच वाटत असणार. तुमच्या पोरांनी हातगाडी उलटी केली तेव्हा त्यांनाही आपण काकांना शोधतो आहोत असं वाटलं. त्या माणसाला शोधा, तो त्याच भागात फिरत असेल. पोरांना घेऊन जा, माफी मागायला लावा आणि नुकसान भरून द्या. आणि मग त्याला काकांचा फोटो द्या. पहाटेपासून गल्लीबोळ, पुलाखालच्या जागा, कचराकुंड्यांच्या मागचे कोपरे, बंद दुकानांच्या पायऱ्या तुमच्यापैकी कोण पाहतं? तो पाहतो. ज्याला तुम्ही संशयित ठरवलंत तोच तुमचा सगळ्यात कामाचा शोधक होता. कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षावाले, दूधवाले, पेपरवाले, तृतीयपंथी, फलाटावर राहणारी मुलं, ही माणसं रस्ता ओळखतात. तुमच्या ग्रुपवर त्यांतलं कुणी आहे का?

मुलाला भेटायचा आग्रह धरू नका, पण दार सोडूही नका. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य टाळा, कारण कुणी सांगत नाही. 'शनिवारी मी तुमच्यासोबत केईएमला येतो' असं एखाद्या समवयस्क शेजाऱ्याने म्हणावं. शवागारात जायची वेळ आली, आणि ती येऊ शकते, तर त्याने एकट्याने जाऊ नये आणि काकूंना नेऊ नये. कोण जाईल ते आधीच ठरवून ठेवा. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण त्या क्षणी ठरवायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. काकूंचं घरखर्चाचं काय, पेन्शन कुणाच्या खात्यात येते, ते खातं दोघांचं आहे का, हेही कुणीतरी हळूच विचारायला हवं. ठावठिकाणा न लागलेल्या माणसाला कायदा सात वर्षं मृत मानत नाही. तोवर त्याच्या सहीवाचून अडणारी कामं अडून राहतात आणि घर त्यातच भरडतं. सोसायटीत एखादा बँकेतला किंवा वकील असेलच.

आणि 'किती दिवस हेच?' विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण रागाने नको. त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे: रोज तोच फोटो पाहून डोळे मरतात. मुख्य ग्रुपवर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, काय झालं आणि काय बाकी आहे एवढं लिहा. काम करणाऱ्यांचा वेगळा छोटा ग्रुप करा, आठ-दहा जण पुरे. पहिला महिना दर आठवड्याला ठिकाणं तपासा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, कारण दवाखान्यात आणि आश्रमात माणसं रोज नवी येतात, एकदा जाऊन आलं की झालं असं नसतं. बेपत्ता माणसं वर्षांनीही सापडतात, वाटवानींच्या संस्थेचं सगळं काम त्यावरच उभं आहे. शोध थांबवायचा की नाही हे काकू आणि मुलगा ठरवतील. तुमची जबाबदारी कुठपर्यंत, याचं माझं उत्तर तेवढंच आहे: ते 'पुरे' म्हणेपर्यंत, आणि तोवर दर वेळी थोडं थोडं.

काका सापडले तर त्याच तासाला सगळीकडे 'सापडले, आता मेसेज पुढे पाठवू नका' असं कळवा आणि फोटो काढून टाका. घरी गर्दी करू नका. 'कुठे गेला होतात, आम्ही किती शोधलं' असं त्यांना कुणी विचारू नये. त्यांना सांगता येणार नाही आणि आपलं काहीतरी चुकलं एवढंच त्यांना जाणवेल. आधी डॉक्टर, पाणी, झोप.

तुमच्या सहा इमारतींत विस्मरणाचे आणखी तीन-चार जण असणार आणि त्यांच्या घरच्यांनी ते लपवलेलं असणार, जसं या घराने लपवलं. सुनेविषयी ग्रुपवर काय लिहिलं गेलं हे त्यांनीही वाचलं आहे. तुम्ही कमिटीत आहात, तेव्हा येत्या सभेत हा विषय तुम्हीच काढा: ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी वॉचमनला आणि शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवावं, खिशात किंवा गळ्यात नंबर असावा, आणि हे सांगणाऱ्या घराकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही असं सभेत मोठ्याने म्हणावं.

नव्या मेसेजचा मसुदा तुम्ही आणि सुनेने मिळून लिहा, दुसऱ्या कुणाकडे सोपवू नका. गुरुवारपर्यंत मला पाठवलात तर शुक्रवारी वाचून परत देते, म्हणजे रविवारी परळला जाणाऱ्यांच्या हातात तो छापलेला असेल.